पिसांच्या भुकटीचे खत : ठाण्यातल्या गच्चीवर आठ महिने वापरून

घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या रोपवाटिकेतून मी गेली सहा-सात वर्षे निंबोळी पेंड आणते, तिथली पेंड यंदा फेब्रुवारीत संपलेली होती आणि मालकांनी तिच्याऐवजी एक किलोचे एक पाकीट माझ्यापुढे ठेवले. समोरच्या बाजूला हिरवे पान, पानावर फुलपाखरू आणि ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक अमिनो नत्र’ (नत्र म्हणजे नायट्रोजन). किंमत २८० रुपये. पेंडीपेक्षा तिपटीहून महाग असलेली ही वस्तू नेमकी कशाची आहे, असे विचारल्यावर “ताई, एकदम ऑरगॅनिक आहे, मोगरा बघाच तुम्ही” एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली, तेव्हा अगदी तळाशी, उत्पादनाच्या तारखेच्या शेजारी, ‘हायड्रोलाइज्ड फेदर मील’ हे शब्द बारीक इंग्रजीत सापडले. कोंबडीची पिसे वाफेवर शिजवून, वाळवून आणि दळून केलेली ती भुकटी होती.

उत्पादकाचे आणि रोपवाटिकेचे नाव मी लिहीत नाही. पुढे काही तक्रारी आहेत आणि माझ्या हाती आलेल्या तीन पाकिटांवरून कोणाच्या धंद्याचा निवाडा करणे मला योग्य वाटत नाही. शिवाय अशाच मालाची पाकिटे वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या फुलपाखरांसह आता सगळीकडे मिळू लागली आहेत. तेव्हा हे परीक्षण त्या प्रकारच्या मालाचे समजावे. मार्च ते ऑक्टोबर असे आठ महिने मी ते गच्चीवरच्या कुंड्यांत वापरले आहे.

खताचे गुण आणि दोष दोन्ही ज्या एका गोष्टीतून येतात, ती म्हणजे केराटिन. हा शब्द ठाणेकरांना पार्लरच्या पाट्यांवरून परिचित आहे. नौपाड्यापासून वाघबीळपर्यंत जिथे तिथे ‘केराटिन ट्रीटमेंट’ लिहिलेले असते, ते हेच प्रथिन. आपले केस आणि नखे, मेंढीची लोकर, म्हशीचे खूर, शिंगावरचे कठीण आवरण, कोंबडीची पिसे आणि चोच ही सगळी केराटिनची घडण आहे. या प्रथिनात सिस्टीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते आणि एका साखळीतला गंधक शेजारच्या साखळीतल्या गंधकाला घट्ट धरून बसतो. या गाठींमुळेच शिंग कठीण होते, पीस पाण्यात विरघळत नाही आणि पुरलेल्या जनावराचे मांस मातीत मिसळून गेल्यावरही केस मागे उरतात. पोटातल्या पाचक रसांचेही त्यापुढे फारसे चालत नाही. मांजराने ओकलेला केसांचा गोळा ज्यांनी उचलला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. निसर्गात केराटिनचा घास घेणारे जीव मोजकेच आहेत : लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर, काही भुंगेरे, काही जिवाणू आणि आपल्या कातडीवर नायटा उठवणारी बुरशी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात कोंबड्यांच्या विष्ठेवर चालणाऱ्या, आपल्या गोबरगॅससारख्याच एका संयंत्रातून पिसे फस्त करणारा जिवाणू वेगळा करण्यात आला आणि त्याचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे त्याचे नाव. मातीत सर्वत्र आढळणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातला तो आहे, म्हणजे कुंडीतही त्याचे भाऊबंद कमी-अधिक प्रमाणात असतातच.

कारखान्यात मात्र जिवाणूंची वाट पाहत नाहीत. घरातल्या कुकरची शिटी साधारणपणे चौरस इंचाला पंधरा पौंड दाबावर होते. पिसांना त्याच्या तिप्पट दाबाच्या वाफेत अर्धा ते एक तास ठेवतात, तेव्हा गंधकाच्या गाठी सुटतात आणि पिसाचा ठिसूळ लगदा होतो. पाकिटावरच्या ‘हायड्रोलाइज्ड’ या शब्दाचा अर्थ एवढाच, आणि तो शब्द पाकिटावर असणे महत्त्वाचे आहे, कारण न शिजवलेली, नुसती कातरलेली पिसे कुंडीत घातली तर ती कित्येक महिने जशीच्या तशी दिसतात.

पाकीट उघडल्यावर मी ते आधी कुंडीत न घालता स्वयंपाकघरात नेले. चिमूटभर भुकटी जुन्या चमच्यात घेऊन गॅसवर धरली, तेव्हा क्षणात केस जळल्याचा वास घरभर पसरला आणि चमच्यात काळा, बोटाने चुरडला जाणारा कोळसा उरला. तो वास गंधकयुक्त प्रथिनाचा असतो; पालापाचोळ्याच्या खताला तो येत नाही, म्हणून माल केराटिनचा असल्याची ही बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. मग पेलाभर पाण्यात चमचाभर भुकटी ढवळली. नत्राचा आकडा फुगवण्यासाठी युरिया मिसळलेला असता तर तो विरघळला असता आणि पेला हाताला गार लागला असता; तसे झाले नाही. भुकटी बराच वेळ तरंगली, मग भिजून खाली बसली, आणि पेल्याच्या तळाशी बोटाला खरखरीत लागणारी बारीक वाळू दिसली. पहिल्या पाकिटात ती चिमूटभर होती, मे महिन्यात आणलेल्या दुसऱ्या पाकिटात मात्र चांगली अर्धा चमचा निघाली. पिसे गोळा करताना थोडी माती येणारच, हे मी समजू शकते. पण २८० रुपये किलोच्या भावाने वाळू विकत घ्यायची माझी तयारी नाही. रोपवाटिकेच्या मालकांनी हे ऐकून ते पाकीट विनातक्रार बदलून दिले, हेही नोंदवायला हवे.

आता गच्चीकडे वळू. माझी मिरचीची सहा रोपे एकाच ट्रेमधली होती आणि ती बारा इंची कुंड्यांत लाल माती, शेणखत आणि कोकोपीट यांच्या एकाच मिश्रणात लावली होती. दोन कुंड्यांना पिसांची भुकटी, दोनांना निंबोळी पेंड आणि दोनांना फक्त गांडूळखत दिले. सहा रोपांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, त्यातले एक तर एप्रिलमध्ये चुरडामुरडा होऊन गेलेच. तरी रोज पाणी घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना फरक कळतो. शिवाय मोगरा, कढीपत्ता, वांगी आणि पावसाळ्यात अळू यांनाही भुकटी दिली.

पहिले पंधरा दिवस काहीही झाले नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटत असणार, आणि माझाही एका कुंडीच्या बाबतीत सुटला. केराटिनमधले नत्र झाडाला सरळ घेता येत नाही. जिवाणूंनी प्रथिन फोडून त्याचे अमोनियम करायचे, दुसऱ्या जिवाणूंनी त्याचे नायट्रेट करायचे आणि मग ते मुळांच्या तोंडी लागायचे, असा तो फेरा आहे. मातीत ऊब आणि ओल असेल तर तो लवकर पुरा होतो. ठाण्याच्या मार्चमध्ये उबेची टंचाई नव्हती. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भुकटीच्या दोन्ही कुंड्यांतली नवी पालवी पेंडीच्या कुंड्यांपेक्षा रुंद आणि गडद दिसू लागली, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत फरक दाखवायला बोट लागत नव्हते. कढीपत्त्याने सर्वांत चांगला प्रतिसाद दिला. दोन वर्षे हातभर उंचीवर अडून बसलेल्या त्या झाडाला बुंध्यापासून तीन नवे फुटवे आले आणि आता शेजारच्या दोन घरांची फोडणी त्याच्यावर चालते.

मोगऱ्याबद्दल रोपवाटिकेत जे वचन मिळाले होते ते मात्र अर्धेच पुरे झाले. पाने तजेलदार आली, कळ्या नेहमीइतक्याच आल्या. यात खताचा दोष नाही, पाकिटावरच्या मजकुराचा आहे. पिसांत बारा-तेरा टक्के नत्र असते, सोबत थोडे गंधक असते, आणि स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) जवळजवळ नसतात. असे असताना पाकिटावर ‘संपूर्ण पोषण’ असे लिहिलेले आहे. फुलाफळांच्या झाडाला याबरोबर हाडांचा चुरा आणि थोडी लाकडाची राख द्यावी लागते. मी मे महिन्यापासून तसे केले आणि वांगी बरी धरली. पालेभाजी, अळू, गवती चहा, कढीपत्ता यांना हे एकटे पुरते.

पाकिटावरच्या मात्रेविषयी मात्र मला कडक शब्दांतच लिहावे लागेल. ‘प्रत्येक कुंडीस दर पंधरा दिवसांनी ५० ग्रॅम’ अशी सूचना आहे. १२ टक्क्यांच्या हिशेबाने ५० ग्रॅम भुकटीत सहा ग्रॅम नत्र असते. शेतात बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते; दोन ओळींत आणि दोन रोपांत साठ-साठ सेंटिमीटर अंतर धरले तर एका रोपाच्या वाट्याला सबंध हंगामात साडेतीन ते चार ग्रॅम नत्र येते. म्हणजे पाकिटावर विश्वास ठेवणारा माणूस दर पंधरवड्याला हंगामाच्या दीडपट नत्र एका कुंडीत घालणार. मी धीर सोडून ज्या कुंडीत दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ५० ग्रॅम घातले, तिथली मिरची एप्रिलअखेर गुडघ्याच्या वर गेली, पाने तळहाताएवढी झाली, माव्याने तिच्यावर मुक्काम ठोकला आणि जूनपर्यंत तिला मोजून चार मिरच्या लागल्या. हळू विरघळणाऱ्या खताचा तोटा हाच, की चूक लगेच कळत नाही आणि कळल्यावर परत काढता येत नाही. मी नंतर बारा इंची कुंडीला १५ ग्रॅम, दोन महिन्यांतून एकदा असे प्रमाण ठेवले आणि त्यात सुख आहे. या प्रमाणात एका किलोत साठ-पासष्ट वेळा खत देता येते. पाकीट लवकर संपावे ही विक्रेत्याची सोय झाली, झाडाची नव्हे.

या खताचा खरा कस पावसाळ्यात लागला. ठाण्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उघड्या गच्चीवरची कुंडी म्हणजे तळाला भोक असलेली गाळणीच. विरघळणारे जे काही असेल ते आषाढातच गटारात जाते. गांडूळखताच्या कुंड्या दरवर्षीप्रमाणे जुलैअखेर पिवळ्या पडल्या. पेंडीच्या कुंड्या ऑगस्टपर्यंत टिकल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात भुकटी मिळालेला अळू मात्र गणपती येऊन गेले तरी काळपट हिरवा होता आणि त्याच्या पानांच्या वड्या तीन वेळा झाल्या. जे प्रथिन पाण्याला दाद देत नाही ते पावसालाही देत नाही. जिवाणू रोज थोडे थोडे सोडतील तेवढेच झाडाला मिळते आणि उरलेले जागेवर राहते. कोकणपट्टीतल्या गच्चीसाठी यापेक्षा सोयीचे नत्र मी तरी वापरलेले नाही.

वासाबद्दल विचारणारे असणारच. कोरडी भुकटी भाजलेल्या सुकटीसारखी किंचित वासाळ असते, तिचा त्रास नाही. ओली झाल्यावर दोन-तीन दिवस कोंबड्यांच्या खुराड्यासारखा, वर अमोनियाची धार असलेला वास येतो. आमच्या इमारतीत गच्ची सामायिक आहे आणि एप्रिलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकांनी “गच्चीत काही मेलंय का?” असे विचारल्यावर मी भुकटी वर न पसरता दोन-तीन इंच खाली मातीत मिसळू लागले, त्यानंतर तक्रार आली नाही. वर पसरलेली भुकटी मांजरे उकरतात, तिच्यावर पांढरी बुरशीही येते. ती निरुपद्रवी असते, पण पाहणाऱ्याला घाण वाटते. पाकिटाला पुन्हा बंद होणारी पट्टी नाही, हा एक छोटा पण चीड आणणारा दोष आहे. जूनच्या दमट हवेत उघड्या पाकिटात गोळे झाले. भुकटी पहिल्याच दिवशी घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवावी.

किमतीचा हिशेब नत्राच्या ग्रॅमवर केला तर चित्र थोडे बदलते. २८० रुपयांत १२० ग्रॅम नत्र, म्हणजे ग्रॅमला सव्वादोन रुपयांच्या वर. आमच्या रोपवाटिकेत ८० रुपये किलोने मिळणाऱ्या पेंडीत साडेचार टक्के नत्र धरले तर ग्रॅमला पावणेदोन रुपये पडतात, आणि ४० रुपये किलोच्या गांडूळखतात दीड टक्का धरला तर अडीच रुपयांहून जास्त. तेव्हा भुकटी दिसते तितकी महाग नाही. पेंड स्वस्त आहेच, शिवाय तिच्यात किडीला आवर घालण्याचा गुण आहे. (तुलनेसाठी : अनुदानित युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत कर आणि निंबोळी-लेपनाचा खर्च वगळता २४२ रुपये आहे, म्हणजे नत्राच्या ग्रॅमला साधारण सव्वा पैसा. शेतकरी सेंद्रिय खताकडे का वळत नाहीत, असा प्रश्न गच्चीवर उभे राहून विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.)

परंतु पिसे तर फुकट जातात, मग भुकटी इतकी महाग का? जिवंत कोंबडीच्या वजनात पिसांचा वाटा पाच ते सात टक्के असतो. दोन किलोच्या ब्रॉयलरमागे शंभर ते एकशेचाळीस ग्रॅम. जिथे एकाच कत्तलखान्यात दिवसाला हजारो कोंबड्या सोलल्या जातात, तिथे शेजारीच पिसे शिजवण्याचा कारखाना उभा राहतो. आपल्याकडे कोंबडी कापली जाते ती गल्लीतल्या चिकन सेंटरमध्ये, गिऱ्हाइकासमोर. गटारीच्या आदल्या रविवारी कोणत्याही दुकानामागचे निळे पिंप पाहावे : पिसे, आतडी, रक्त आणि पाणी एकत्र, आणि संध्याकाळपर्यंत त्याला सुटलेली दुर्गंधी. अशी शंभर पिंपे रोज गोळा करायची, ती कुजण्याआधी कारखान्यात पोचवायची आणि ओल्या पिसांतले पाणी उडवायला इंधन जाळायचे, यात पैसा जातो. पीस फुकट असते, त्याचा प्रवास फुकट नसतो. केरळात कोंबडीच्या दुकानांचा असा कचरा गोळा करून शिजवणारे रेंडरिंगचे कारखाने उभे राहिले आहेत. आपल्याकडे तो बहुतेक वेळा कचऱ्याच्या गाडीत नाही तर नाल्यात जातो. म्हणून या पाकिटाच्या मूळ कल्पनेविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच पाकिटावरची लपवाछपवी अधिक खटकते.

आमच्या सासूबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितले होते की हे पिसांचे आहे. त्यांनी भुकटी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, “बाकी झाडांना घाल, माझी हरकत नाही. तुळशीला नको गं, आणि देवाला वाहतो त्या जास्वंदीलाही नको.” मला हे पूर्ण मान्य आहे. पण त्यांना निवड करता आली ती मी चष्मा लावून तळाची ओळ वाचली म्हणून. हिरवा ठिपका आणि तपकिरी खूण खाद्यपदार्थांवर असतात, खतावर नसतात. अशा वेळी समोर मोठे हिरवे पान छापून पिसांचा उल्लेख मागे बारीक इंग्रजीत करणे हे फसवण्याच्या फार जवळ जाते. प्राणिजन्य खत आपल्या परंपरेला वर्ज्य होते असेही नाही. जनावरांचे मांस, चरबी, हाडे शिजवून आंबवलेले कुणपजल झाडांना घालण्याची कृती जुन्या वृक्षविद्येत सांगितलेली आहे. ज्यांना चालते त्यांना चालते. प्रश्न फक्त सांगण्याचा आहे.

त्याच विक्रेत्याकडे ‘अमिनो’ नावाची अर्ध्या लिटरची बाटली ३५० रुपयांना मिळते, तीही मी एकदा घेतली. असे द्रव बहुधा पिसे, चामडी किंवा सोयाबीन यांतले प्रथिन आम्लाने, अल्कलीने किंवा विकरांनी (एन्झाइमांनी) फोडून करतात आणि पानांवर फवारतात. परिणाम आठवड्यात दिसला, टिकला मात्र नाही, आणि फवारलेल्या दिवशी गच्चीवर थांबवत नव्हते. बाटलीवर प्रथिन कशाचे आहे हे कुठेच नाही. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात अशा जैव-उत्तेजकांना, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यांना, नियमांत आणले गेले, आणि २०२५ मध्ये कोंबडीची पिसे, चामडी यांसारख्या प्राणिजन्य स्रोतांपासून केलेल्या काही जैव-उत्तेजकांची मान्यता केंद्र सरकारने धार्मिक व आहारविषयक भावनांच्या कारणावरून काढून घेतली. एवढे सगळे घडल्यावरही बाटली मुकी असेल तर ती घेऊ नये. मी अर्धी वापरून बाजूला ठेवली आहे.

काळजी घेण्यासारखी आणखी एक बाब आहे. पीस वाढताना कोंबडीच्या खाद्यात जे असेल त्याचा अंश पिसात साठतो. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पिसांच्या भुकटीच्या नमुन्यांत आर्सेनिक सापडले होते. तिथे रोक्सारसोन हे आर्सेनिकयुक्त औषध कोंबड्यांना देत असत आणि त्याची विक्री उत्पादकाने २०११ मध्ये थांबवली होती. त्याच सुमाराच्या दुसऱ्या तपासणीत प्रतिजैविकांचे अंशही आढळले. माझ्या पाकिटात असे काही आहे असा माझा दावा नाही. मात्र आपल्याकडे सेंद्रिय कंपोस्टसाठी जड धातूंच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि खाण्याच्या भाजीला घालायच्या या खताच्या पाकिटावर त्यांच्या तपासणीची एक ओळही नाही. मी उत्पादकाच्या ग्राहक क्रमांकावर दोनदा फोन करून प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. पहिल्यांदा “पाठवतो” म्हणाले. दुसऱ्यांदा फोन उचलला गेला नाही.

पर्याय म्हणून शिंग-खुरांची भुकटीही पाहिली. शहापूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने दोन किलो दिली होती. नत्र जवळपास तितकेच, पण दाणे जाड असल्याने ती याहून संथ. आंब्या-चिकूच्या खड्ड्यात घालायला उत्तम, एका हंगामाच्या मिरचीला निरुपयोगी. जर्मनीत शिंगाचा कीस बागेच्या दुकानांत सर्रास मिळतो, आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या संभळला शिंगाच्या फण्या आणि बटणे करणारे कारागीर आहेत, त्यांच्या तासकामाचा चुरा खतासाठी सोन्यासारखा असणार.

आणि लोकर. १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या लोकरीच्या गिरणीमुळे ठाण्याचा केराटिनशी संबंध पार्लरांच्या कितीतरी आधीचा आहे, हे लिहिता लिहिता लक्षात आले. पण त्या गिरणीतली मऊ लोकर वेगळी आणि आपल्या दख्खनी मेंढीची भरड लोकर वेगळी. घोंगड्यांना गिऱ्हाईक उरले नाही म्हणून धनगरांना कातरलेली लोकर पुष्कळदा टाकून द्यावी लागते. माझ्याकडे कसर लागलेले एक जुने घोंगडे होते. मे महिन्यात त्याचे गोल तुकडे कापून चार कुंड्यांच्या मातीवर पसरले, तर त्या कुंड्यांना दिवसाआड पाणी पुरले, आणि पावसाळ्यानंतर उचलून पाहिले तेव्हा खालची बाजू विरून मातीला चिकटली होती. पाकिटातल्या भुकटीइतके नत्र त्यातून लगेच मिळत नाही, पण २८० रुपयेही लागत नाहीत.

तर हे खत घ्यावे का? ज्यांची गच्ची उघडी आहे, ज्यांना पावसाळ्यात कुंड्या पिवळ्या पडण्याचा त्रास आहे आणि ज्यांना प्राणिजन्य वस्तू चालते, त्यांनी जूनच्या सुरुवातीला एक पाकीट जरूर घ्यावे, पेल्यातल्या पाण्यात वाळूची परीक्षा करावी आणि पाकिटावरची मात्रा सरळ विसरावी. बंद बाल्कनी असलेल्यांनी वासाचा विचार करून पेंडच वापरलेली बरी. खताला मी पाचपैकी चार गुण देईन, पाकिटाला एक.

ऑक्टोबरात तिसरे पाकीट आणायला गेले, तेव्हा रोपवाटिकेच्या मालकांना मी हे सगळे सांगितले आणि निदान दुकानात तरी मराठीत लिहून ठेवा, असे सुचवले. त्यांनी जरा विचार केला, मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करने ‘कोंबडीच्या पिसांचे खत, तुळशीसाठी पेंड घ्यावी’ असे लिहून तो पुठ्ठा पाकिटांच्या चळतीवर ठेवला. मी पैसे देत असताना एका आजोबांनी ती पाटी वाचली, पाकीट खाली ठेवले आणि पेंड मागितली; त्यांच्यामागच्या मुलीने तेच पाकीट उचलून विचारले, “काका, हे अळूला चालेल ना?”